स्वयंपाकघरातील चिंधी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात महिला शाखेने योजिलेल्या दुपारच्या सत्रातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय ‘कापडाच्या चिंध्यांपासून स्वयंपाकघरातील उपयुक्त वस्तू’ असा छापला आहे. तो वाचून काही बंधूंनी भोजनोत्तर विश्रांतीसाठी हीच वेळ निश्चित केली असेल, तर त्यांस आम्ही दोष देत नाही. तथापि त्यांनी थोडा वेळ बसावे, अशी आमची विनंती आहे. सकाळच्या सत्रात वसतिगृह, शिष्यवृत्ती व वधूवर-सूचक मंडळ यांविषयी पुष्कळ विचार झाला. ते विषय मोठे आहेत, यात शंका नाही. परंतु आपल्या प्रत्येक कुटुंबात दिवसातून दोन वेळा कोणीतरी तापलेले भांडे विस्तवावरून खाली उतरविते. त्या हाताचा विचार करणे हेही ज्ञातिसंस्थेचे काम आहे, असे आम्हांस वाटते.

आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच झाले. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत अध्यापन केले आणि कार्यानुभवाचे तास घेता घेता आम्ही सुई-दोरा हाती धरला. तेव्हा आज जे सांगावयाचे ते पंडिताच्या अधिकाराने नव्हे, शाळामास्तराच्या सवयीने सांगणार आहोत. कंटाळा आल्यास हात वर करावा.

प्रथम कापडाविषयी. पूर्वी घरात धोतर जुने झाले की त्याचा पंचा होई, पंचा विरला की फडके होई आणि फडके संपले की पोतेरे. नऊवारी लुगडे विरले की गोधडीत जाई. वेगळी निवड करण्याचे कारणच नसे, कारण घरातील बहुतेक कापड सुती असे. आज तशी स्थिती नाही. कपाटातील साड्या, सदरे, मुलांचे गणवेश यांत पॉलिएस्टर व नायलॉन यांचे धागे फार मोठ्या प्रमाणावर आले आहेत. हे कापड टिकते, सुरकुतत नाही, लवकर वाळते. ते वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण विस्तवाजवळ त्याचा स्वभाव सुताहून अगदी निराळा आहे. सूत वितळत नाही. फार तापले तर करपते आणि नंतर पेटते. पॉलिएस्टर मात्र सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि मऊ तर त्याच्या पुष्कळ आधी पडते. रिकामा तवा मोठ्या ज्योतीवर काही वेळ राहिला तर इतका सहज तापतो. वितळलेला धागा कातडीस चिकटतो आणि तेथे उष्णता देत राहतो. म्हणून ती भाजणूक साध्या चटक्यापेक्षा खोल जाते.

हे आम्ही केवळ पुस्तकातून सांगत नाही. आमच्या नात्यातील एक वहिनी नायलॉनच्या साडीच्या पदराने दुधाचे पातेले उतरवीत होत्या. पदराचे टोक ज्योतीवर गेले आणि हातात धरलेला भाग मुठीतच वितळला. त्या वाचल्या, परंतु उजव्या हाताची दोन बोटे पुढे पूर्ण मिटेनात. भांडी उतरविण्याचे फडके ओट्यावर नव्हते, एवढेच त्या दुर्घटनेचे कारण. आपल्यापैकी किती भगिनी आजही घाईच्या वेळी पदराने अथवा ओढणीने भांडे धरतात, हे ज्याचे त्याने आपल्या घरात पाहावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सुरुवातीस घरात एक चिंधीपिशवी असावी. जुन्या उशीचा अभ्रा त्यासाठी पुरेसा होतो. शिंप्याकडून उरलेली कातरणे, विरलेल्या सुती साड्यांचे बरे राहिलेले भाग, जुने टॉवेल, पंचे, धोतरे हे सर्व धुऊन, वाळवून त्यात ठेवावे. कापड सुती आहे किंवा नाही याविषयी संशय असल्यास एक सोपी परीक्षा आहे. त्यातील चार धागे काढून चिमट्यात धरावे, खाली पाणी भरलेली थाळी ठेवावी आणि धाग्यांस काडीची ज्योत लावावी. सूत कागदासारखे जळते, वासही जळत्या कागदाचा येतो आणि मागे मऊ करडी राख राहते. ती बोटाने चुरली जाते. कृत्रिम धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि त्याचा कठीण काळसर मणी बनतो. दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर कापड मिश्र आहे असे समजावे. शाळेच्या गणवेशाचे कापड पुष्कळदा असेच मिश्र असते. ही परीक्षा मोठ्या माणसानेच करावी, मुलांनी दुरून पाहावी. मिश्र व कृत्रिम कापड फेकू नये. त्याच्या भाजीच्या पिशव्या उत्तम होतात. मात्र शेगडीच्या आसपास त्यास थारा देऊ नये.

पहिली वस्तू भांडी उतरविण्याचे फडके, ज्यास आपल्याकडे अनेक घरांत मसोते म्हणतात. बाजारात सांडशी मिळते, ती असावीच. पण तवा, कुकरचे झाकण, परातीचे काठ या ठिकाणी सांडशी उपयोगी पडत नाही. मसोते हे एक वीत लांब व एक वीत रुंद, म्हणजे सुमारे आठ ते नऊ इंचांचे चौकोनी असावे. बाहेरच्या दोन बाजूंस साधे सुती कापड घ्यावे. मोठा तुकडा नसेल तर लहान तुकडे पाव इंच शिवण सोडून जोडावे व ती शिवण उलट्या बाजूने बोटाने दाबून सपाट करावी. आत जुन्या सुती टॉवेलचे दोन थर घालावे. टॉवेल का, तर त्याच्या फासांत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णतेस सहज वाट देत नाही. हात वाचतो तो या हवेमुळे.

शिवण्याची रीत अशी. टॉवेलचे दोन थर खाली पसरावे. त्यांवर बाहेरचे एक कापड सुलटी बाजू वर करून ठेवावे आणि दुसरे कापड सुलटी बाजू खाली करून त्यावर ठेवावे. चारही कडा जुळवून टाचून घ्याव्या. तीन बाजू पूर्ण व चौथी बाजू चार बोटे मोकळी ठेवून सर्व थरांतून टीप घालावी. एका कोपऱ्यात चिंधीच्या पट्टीचा फास आतल्या बाजूस वळवून शिवणीत धरावा. कोपऱ्यांवरील जादा कापड कातरून मोकळ्या जागेतून सर्व उलटावे, कोपरे काडीने बाहेर काढावे आणि उघडी राहिलेली बाजू आत दुमडून शिवून टाकावी. शेवटी दोन-दोन बोटांच्या अंतराने उभे व आडवे धावदोरे घालावे, म्हणजे धुताना आतील थर गोळा होणार नाहीत. हे धावदोरे म्हणजे आपल्या गोधडीचेच टाके होत. आजीने ज्या हाताने गोधडी शिवली तोच हात येथे लहान प्रमाणात चालतो.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. दोराही सुती घ्यावा. हल्ली दुकानात मिळणारे पुष्कळसे दोरे पॉलिएस्टरचे असतात. कापड सुती आणि दोरा कृत्रिम असला तर तापल्या कडेला प्रथम शिवणच सुटते. आणि मसोती नेहमी जोडीने करावी, कारण भांड्यास दोन कान असतात आणि माणसास दोन हात.

मसोते वापरण्याविषयीही दोन शब्द. ते कोरडे असावे. ओल्या फडक्याने भांडे धरल्यास अधिक सुरक्षित, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीस पटीहून अधिक सुलभतेने वाहते. फडके ओले झाले की थरांतील हवेची जागा पाणी घेते, चटका तत्काळ हातापर्यंत पोहोचतो आणि त्यात वाफेची भर पडते. म्हणून ओटा पुसण्याचे फडके निराळे आणि भांडे धरण्याचे मसोते निराळे, हा नियम घरात कडक असावा. मसोते ज्योतीपासून हातभर दूर खिळ्यास टांगावे, आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवावे आणि विरून उजेड दिसू लागला की त्यास निवृत्त करावे. आम्हीही निवृत्तच आहोत. त्यात कमीपणा नाही.

इतके करूनही हात भाजलाच तर तो ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, शाई, हळद, दात घासण्याची पेस्ट यांपैकी काहीही लावू नये. बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्या. भाजणे मोठे असेल, फोड आले असतील किंवा कापड कातडीस चिकटले असेल, तर ते ओढून न काढता डॉक्टरांकडे जावे.

दुसरी वस्तू चुंबळ. पूर्वी डोक्यावर हंडा घेताना चुंबळ लागे. आज नळ आला म्हणून ती विस्मृतीत जात आहे. परंतु गोल बुडाची कढई अथवा तापलेले पातेले ओट्यावर वा जेवणाच्या टेबलावर ठेवण्यासाठी तिच्यासारखी सोय नाही. मसोत्यास न चालणारे अगदी लहान व वेडेवाकडे तुकडेही यात खपतात. दोन बोटे रुंदीच्या सुती पट्ट्या एकास एक जोडून लांब कराव्या आणि तीन पेडांची घट्ट वेणी घालावी. वेणीचे एक टोक वाटीच्या तोंडाएवढ्या गोलावर वळवून तिचे वेढे एकमेकांशेजारी घालीत जावे व जाड सुती दोऱ्याने शेजारचे वेढे शिवावे. मध्ये गोल जागा मोकळी राहिली म्हणजे कढईचे बूड तीत बसते. सपाट भांड्यासाठी मधली जागा न सोडता चकती करावी. हे काम मुलांस फार आवडते, कारण चूक झाल्यास उसवून पुन्हा वळता येते.

तिसरी वस्तू पोळ्यांचा रुमाल. स्टीलच्या डब्यात गरम पोळ्या ठेवल्या की वाफ झाकणावर जमून तिचे थेंब पोळीवर पडतात आणि वरची पोळी चिकट होते. विरलेल्या धोतराचा अथवा मलमलीचा दुहेरी चौकोन करून चारही कडांस हेम घातले की तो रुमाल ती वाफ शोषून घेतो. त्याचे चार कोपरे पोळ्यांवर दुमडता यावेत इतका तो मोठा असावा. असे किमान तीन रुमाल असावे, म्हणजे रोज धुतलेला वापरता येईल.

चौथी वस्तू दादरा. लोणच्याच्या बरणीच्या तोंडास बांधावयाच्या फडक्यास हा जुना शब्द आहे, आणि नव्या पिढीच्या कानांवर तो क्वचितच पडतो. बरणीच्या तोंडापेक्षा सर्व बाजूंनी दोन इंच मोठी अशी ताटली कापडावर उपडी ठेवून पेन्सिलीने गोल काढावा व कातरावा. कडेला नाडी जाईल एवढी दुमड शिवून नाडी ओवावी. आंबा-लिंबाच्या लोणच्यावर, उन्हात ठेवलेल्या मोरंब्यावर दादरा असला की धूळ व माशी आत जात नाही आणि वाफ मात्र बाहेर जाते.

पाचवी वस्तू गाळणे, आणि येथे आम्ही थोडे थांबणार आहोत. चिंधीची किंमत किती असते, हे गाळण्याच्या इतिहासावरून कळते. आपल्यातील वयोवृद्ध मंडळींस नारू हा रोग आठवत असेल. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा कृमी बाहेर येई आणि ऐन पेरणीच्या वा सुगीच्या दिवसांत माणूस अंथरुणास खिळे. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र, कर्नाटक यांच्याप्रमाणे आपल्या महाराष्ट्रातही त्याचा उपद्रव होता. त्यावर गुणकारी औषध नव्हते, लसही नव्हती. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यात सूक्ष्म जलचर कीटक असत. त्यांच्या पोटात नारूचे पिल्लू असे आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात जाई. १९८३-८४ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. विहिरी सुधारणे, पाण्यात औषध टाकणे, रुग्ण शोधणे यांबरोबरच घरोघरी पाणी दुहेरी कापडातून गाळून पिणे हा तिचा एक मुख्य आधार होता. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. देवी या रोगास लसीने घालविले. नारूस घालविण्यात कापडाच्या तुकड्याचा मोठा वाटा आहे.

दुसरे उदाहरण बांगलादेशातील. तेथे मतलब या भागातील खेड्यांतून रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांस जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या घालून पाणी गाळावयास शिकविले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांस चिकटून राहतात व ते जीव कापडात अडकतात. विशेष म्हणजे नव्या साडीपेक्षा अनेकदा धुतलेली जुनी साडी अधिक उपयोगी ठरली, कारण तिचे धागे सैल व लवदार होऊन छिद्रे बारीक होतात. जुने म्हणून टाकून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अर्थात् कापडातून गाळले म्हणजे पाणी शुद्ध झाले असे कोणी समजू नये. उकळणे अथवा क्लोरीन घालणे याची जागा गाळणे घेऊ शकत नाही. परंतु गावाकडे, यात्रेत, पुराच्या दिवसांत चार पदरी स्वच्छ गाळणे घरात असावे. हंड्याच्या तोंडाहून वीतभर मोठा चौकोन, कडांस हेम व वरची बाजू ओळखण्यासाठी एका कोपऱ्यात रंगीत टाका, एवढे पुरे. बाजू ओळखता आली नाही तर काल अडकलेली घाण आज पाण्यात उतरते.

आता हे शिवावयाचे कोणी, या प्रश्नाकडे येतो. १९३७ साली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना गांधीजींनी देशापुढे ठेविली. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा पुरस्कार केला. कागदावर हे सर्व विद्यार्थ्यांसाठी होते. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांतून मुलींस शिवण आणि मुलांस बागकाम अशी वाटणी रूढ झाली. आम्ही आमच्या वर्गात मुलांच्या हातीही सुई दिली. पहिल्या दिवशी हशा झाला, दुसऱ्या दिवशी बोटे टोचली, आणि पंधरवड्यात मुलांची मसोती मुलींच्या मसोत्यांशेजारी टेबलावर मांडली गेली. एका पालकांनी येऊन मुलास बायकी काम दिल्याची तक्रार केली. आम्ही त्यांस एवढेच विचारले, की आपला सदरा कोण शिवतो? त्यांचा शिंपी पुरुषच होता.

बंधूंनो, सुईचे वावडे पुरुषास केवळ घरात असते, दुकानात नसते. जेथे सुईस मजुरी मिळते तेथे ती पुरुषार्थ ठरते आणि जेथे मजुरी नाही तेथे बायकी काम ठरते, हा न्याय आम्हांस पटत नाही. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी शिवणयंत्रास अपवाद मानले, कारण त्याने घरातील स्त्रीचे कष्ट वाचतात असे त्यांस वाटले. तेव्हा घरी यंत्र असेल तर अवश्य यंत्रावर शिवावे. परंतु ज्या दिवशी घरातील मुलगा स्वतःच्या हाताने मसोते शिवील, त्या दिवशी तो ते वापरूनही पाहील. आणि भांडे किती तापते हे ज्यास हाताने कळले तो जेवताना पोळी गार झाल्याची तक्रार दोन वेळा विचार करून करील. आम्हांस या विषयात मुख्यतः एवढेच साधावयाचे आहे.

शेवटी संस्थेपुढे तीन विनम्र सूचना ठेवितो. पहिली अशी, की वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी दर सत्रात एक रविवार शिवणकामास द्यावा. बटण लावणे, उसवलेले शिवणे आणि मसोत्यांची एक जोडी तयार करणे एवढा अभ्यासक्रम पुरे. ती जोडी वसतिगृहाच्या भटारखान्यातच वापरावी. दुसरी सूचना, की संस्थेच्या विवाहमेळाव्यातून ठरलेल्या प्रत्येक नवदांपत्यास संस्थेतर्फे मसोत्यांच्या दोन जोड्या द्याव्या, एक वधूच्या हाती व एक वराच्या हाती.

तिसरी सूचना भगिनींस. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या व चाळण्या वाटण्याची प्रथा वाढली आहे. यंदा घरातील चिंध्यांतून शिवलेले मसोते अथवा दादरा वाण म्हणून द्यावा. आणि हे वाण देताना पतिनिधन झालेल्या भगिनींस वगळू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींस तोच मार्ग अनुसरण्याचे आवाहन केले. एका खेड्यास जे जमले ते आपल्या सुशिक्षित ज्ञातीस अवघड नसावे. तापलेल्या भांड्याचा चटका सौभाग्यवतीस एक आणि विधवेस निराळा असा बसत नाही.

भाषणानंतर मागील दालनात महिला शाखेने सुया, सुती दोरे आणि धुतलेल्या कापडाची टोपली ठेविली आहे. आम्ही तेथे सायंकाळपर्यंत बसणार आहोत. भगिनी येतीलच; बंधूंनी आपल्या मुलांस घेऊन यावे आणि जाताना एक मसोते स्वतः शिवून घरी न्यावे.